लुटुपुटीची लढाई

साठी उलटलेल्या माणसाने पडद्यावरचे राक्षस मारीत बसावे काय, आणि बसलाच तर त्यात त्याला होणारा आनंद हा भल्या माणसाचा आनंद म्हणावा काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय वाचून काहींना हसू येईल. मुलांनी असले खेळ किती वेळ खेळावेत यावर पुष्कळ लिहिले जाते. मोठ्यांविषयी मात्र कोणी विचारीत नाही, कारण मोठी माणसे असल्या फंदात पडत नाहीत अशी एक समजूत आहे. ती समजूत खरी नाही. आम्ही खेळतो. आम्हाला आवडते. आणि जी गोष्ट आवडते तिची झाडाझडती घ्यावी, ही सवय तीस वर्षे वर्गात गणित शिकवून अंगी मुरली आहे, ती निवृत्तीनंतरही जात नाही.

सांप्रत आमचा मुक्काम सिंगापुरात मुलीच्या घरी आहे. आम्ही जो खेळ खेळतो तो एका अर्थाने याच गावचा. त्याचे नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. शांघायच्या मिहोयो या कंपनीने तो तयार केला आणि २८ सप्टेंबर २०२० रोजी तो बाहेर पडला. चीनबाहेरच्या जगासाठी त्याचा कारभार सिंगापुरातून चालतो. २०२२ पासून त्या कारभाराला 'होयोव्हर्स' हे नाव आहे. या शहरात अशा खेळांना कोणी आडगल्लीतला धंदा समजत नाही. २०२३ च्या जून महिन्यात ऑलिंपिक समितीने पडद्यावरच्या खेळांचा पहिला सप्ताह भरवला तो सिंगापुरातच.

ज्यांनी असला खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. तेवात नावाचे एक काल्पनिक जग आहे. त्यात सात राज्ये, प्रत्येकाचे एक दैवत, आणि सात तत्त्वे: आग, पाणी, वीज, बर्फ, वारा, दगड व वनस्पती. एक भाऊ आणि एक बहीण, जुळी भावंडे, प्रवास करता करता या जगात येतात आणि त्यांची ताटातूट होते. दोघांपैकी एकाचे सोंग आपण घ्यायचे आणि दुसऱ्याला शोधत राज्याराज्यांतून हिंडायचे. बरोबर आणखी साथीदार मिळतात. एका वेळी चौघांची टोळी. वाटेत मुखवटे घातलेले रानटी राक्षस, चिखलाच्या गोळ्यासारखे उड्या मारणारे प्राणी, दगडी यंत्रे. लढाईत बळापेक्षा अक्कल लागते. शत्रूला आधी पाण्याने भिजवावे, मग त्याच्यावर बर्फाचा मारा करावा, म्हणजे तो जागच्या जागी गोठतो. भिजलेल्यावर आग टाकली तर घाव दीडपट होतो. कोणते तत्त्व कोणानंतर वापरावे याचे गणित क्षणात करावे लागते आणि बोटे त्या क्षणी चालावी लागतात.

यातला आनंद कशाचा आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर तीन गोष्टींचा. पहिली, डोंगर चढण्याचा. या जगात दिसेल तो कडा चढता येतो, दम संपेपर्यंत चढायचे, माथ्यावरून पंख लावून दरीत तरंगत उतरायचे. ज्याचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. दुसरी, नवे काही शिकण्याचा. तिसरी, कोणाबरोबर तरी असण्याचा. या तिसऱ्या गोष्टीकडे आपण शेवटी येऊ. आधी या आनंदावर जे आरोप होतात त्यांचा एकेक करून विचार करू. आरोप चार आहेत.

पहिला आरोप असा की हे सारे खोटे आहे. खोट्या जगात रमणे म्हणजे खऱ्या जगाकडे पाठ फिरवणे. हा आरोप नवा नाही. मराठीत लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, आणि घरातल्या मुलांनी त्या वाचाव्यात की नाही यावर तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आपल्या समाजाचेही पाहा. १८८० नंतर मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तने सुरू केली. योसेफाला त्याच्या भावांनी विकले तो प्रसंग कीर्तनकार रंगवू लागला की बायाबापड्या पदराने डोळे पुसत. समोर उभा असलेला गृहस्थ योसेफ नाही, मुंबईतलाच कोणी नोकरदार आहे, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? ठाऊक होते. तरी अश्रू खरे होते.

आमचे बालपण अलिबागच्या बाजूला गेले. दिवाळी आली की शेजारची हिंदू मुले अंगणात मातीचा किल्ला करीत. दगड रचून, चिखल लिंपून, वर अळीव पेरून हिरवळ करायची, आणि मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर बसवायचे. आम्हीही हात माखून त्यात असायचोच. त्या वेळी त्या किल्ल्याला कोणी खोटा म्हणाले असते तर आम्हाला ते बोलणेच कळले नसते. खोटेपणाला फसवणारा लागतो आणि फसलेला लागतो. किल्ल्यापाशी दोघेही नव्हते. खेळात शिरणारा मनुष्य आपण खेळात शिरत आहोत हे जाणून शिरतो. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एक कल्पना मांडली. समजा असे यंत्र निघाले की त्याला जोडून घेतले म्हणजे हवा तो अनुभव मिळेल आणि हा यंत्राचा अनुभव आहे याची आठवणही राहणार नाही, तर आपण जन्मभर त्याला जोडून घ्याल काय? बहुतेक माणसे नको म्हणतील असा त्याचा कयास होता. आम्हीही नकोच म्हणू. पण खेळ हे ते यंत्र नव्हे. स्वयंपाकघरातून जेवायची हाक आली की तेवातचे जग तिथल्या तिथे थांबते आणि आपण पानावर जाऊन बसतो. जोवर हाक ऐकू येते तोवर पहिला आरोप टिकत नाही. हाक ऐकू येईनाशी झाली तर तो लगेच खरा ठरतो, हेही तितकेच ध्यानात ठेवावे.

दुसरा आरोप हिंसेचा. तलवारी चालवून जीव मारण्यात करमणूक मानणे हे मनाला बोथट करते, असे म्हणतात. याच्याच जोडीला आपल्या काही बांधवांना तिथल्या दैवतांचीही अडचण वाटेल, म्हणून ती आधी निकालात काढू. बार्बाटोस, मोराक्स, बुएर ही त्या दैवतांची नावे युरोपातल्या जादूटोण्याच्या एका जुन्या ग्रंथातली आहेत. शलोमो राजाने बहात्तर भुते बंदीत ठेवली अशी एक दंतकथा तिकडे पसरली होती, तिच्यातली ही नावे. आपल्या तालमुदातही शलोमो आणि भुतांचा राजा अश्मदाय यांची गोष्ट आहेच, आणि ती गोष्ट सांगितल्याने कोणी अश्मदायाचे भक्त झाल्याचे ऐकिवात नाही. खेळात या दैवतांची पूजा करावी लागत नाही. त्यांच्याशी बोलावे लागते, क्वचित भांडावे लागते, इतकेच.

आता हिंसेकडे वळू. बुद्धिबळात आपण हत्ती, घोडे, प्यादी मारतो आणि आजवर कोणाला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. तिथला आनंद मारण्याचा नसून डाव जमण्याचा असतो. पडद्यावरही बहुतांशी तेच आहे. एक साधी कसोटी लावून पाहावी. समोरच्या राक्षसाला खरोखर वेदना होतात असे उद्या कळले, तर आपला आनंद कमी होईल, की वाढेल? कमी होत असेल तर चिंता नको. वाढत असेल तर खेळ बंद करून वैद्याकडे जावे.

सरकारनेही या बाबतीत इथे एक पाऊल टाकले ते विचार करण्यासारखे आहे. २००७ च्या नोव्हेंबरात 'मास इफेक्ट' नावाच्या याच जातीच्या खेळावर सिंगापुरात बंदी आली होती, तीही लढाईमुळे नव्हे, त्यातल्या एका प्रणयप्रसंगामुळे. थोड्याच दिवसांत बंदी उठली आणि खेळावर अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असा शिक्का बसला. पुढे २००८ पासून खेळांना वयाप्रमाणे श्रेणी देण्याची पद्धतच सुरू झाली. म्हणजे 'हे असावे की नसावे' हा प्रश्न मागे पडून 'हे कोणासाठी आणि कोणत्या वयात' हा प्रश्न पुढे आला. शिक्षकाला दुसरा प्रश्न नेहमीच जवळचा वाटतो.

पण हिंसेचा आरोप इथे संपत नाही. कथा पुढे सरकते तसा या खेळात एक धक्का बसतो. ज्या मुखवटेवाल्या राक्षसांना आपण पहिल्या दिवसापासून शेकड्यांनी कापत आलो, ते मुळात माणसे होती असे कळते. खेनरिआ नावाचे एक राज्य होते. ते उद्ध्वस्त झाले आणि त्याच्या प्रजेला शाप लागला. शापाने ती माणसे अशी झाली, बोली विसरली, घरे विसरली, रानात शेकोट्या पेटवून राहू लागली. आपले हरवलेले भावंड त्याच उद्ध्वस्त राज्याची बाजू घेऊन उभे आहे, हेही कळते. राज्य गेले, मंदिर गेले, प्रजा दाही दिशांना पांगली, या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांची आपण लेकरे. तेव्हा ही कथा वाचताना बोटे क्षणभर थांबली तर नवल नाही.

पण मग काय होते? दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा सांगतो: अमुक ठिकाणच्या राक्षसांचा तळ उठवा, इतके इनाम घ्या. आणि आपण जातो. इनाम घेतो. कथेने मनात जो प्रश्न पेरला तो इनामाने उपटून टाकला जातो. आमच्या मते दोष असलाच तर तो तलवारीत नाही, इथे आहे. याच्याकडे चौथ्या आरोपात परत येऊ.

तिसरा आरोप वेळेचा. हा आरोप आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने तपासला आहे. मिश्नाच्या सनहेद्रिन भागात कोणाची साक्ष धरू नये याची यादी आहे, आणि तीत सोंगट्या-फाशांचा जुगार खेळणारा आहे. तो का? यावर तालमुदात दोन मते आहेत. एक मत असे की जुगारात जिंकलेला पैसा हरणाऱ्याने मनापासून दिलेला नसतो, म्हणून ती एक प्रकारची चोरीच. दुसरे मत रव शेशेत यांचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चूक पैशाची नाही. असा मनुष्य जगाच्या घडणीत, माणसांच्या वस्तीच्या कामात, भाग घेत नाही, ही खरी चूक. आणि मिश्नातच रब्बी यहूदा यांनी एक अट घातली आहे: ज्याला दुसरा काही उद्योगच नाही त्याचीच साक्ष अग्राह्य, उद्योगधंदा सांभाळून खेळणाऱ्याची नव्हे.

ही अट वाचून नोकरदार सुटकेचा निःश्वास टाकील. दिवसभर कचेरीत राबणाऱ्या आमच्या जावयाने रात्री अर्धा तास राक्षस मारले तर रब्बी यहूदा त्याला काही म्हणणार नाहीत. शाळेत जाणाऱ्या नातवालाही उद्योग आहेच. मग अटीत सापडले कोण? ज्याला दुसरा उद्योग नाही तो. म्हणजे निवृत्त मनुष्य! साऱ्या जगाने मुलांची काळजी वाहिली. २०२१ साली चीनने अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार, दररोज एकच तास असा नियम केला. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. पण सकाळी उठून कुठे जायचे नाही, कोणी वाट पाहत नाही, दुपार लांबच लांब पसरलेली आहे, असा जो आमच्या वयाचा मनुष्य, त्याला थांबवणारी घंटा कोणती? शाळेत दर पस्तीस मिनिटांनी घंटा होत असे. आता घंटा आपणच व्हायचे आहे.

रव शेशेतांचा शब्द इथे उपयोगी पडतो. जगाच्या घडणीत भाग घेणे म्हणजे पगार मिळवणे नव्हे. अशदोदला किंवा लोदला एकटी राहणारी बहीण आहे, तिला फोन करणे हा त्या घडणीचाच भाग. आजाऱ्याची विचारपूस, शेजाऱ्याच्या मुलाला फुकट शिकवलेले अपूर्णांक, नातवाला 'मी जातो' आणि 'मी गेलो' यांतला फरक समजावणे, हाही त्याचाच भाग. ही कामे झाल्यावर उरलेल्या वेळात खेळ बसत असेल तर आम्ही साक्षीला पात्र आहोत. खेळामुळे ही कामे राहत असतील तर, पैसा न लावताही, नाही. वेळेचा आरोप तासांनी मोजायचा नसतो. कोणाचे काय राहून गेले यावरून तो मोजायचा.

चौथा आरोप लोक सहसा करीत नाहीत, पण आम्हाला तो सर्वांत गंभीर वाटतो. तो मोबदल्याचा.

आधी पैशाची बाजू पाहू. या खेळात नवे साथीदार सोडतीने मिळतात. मुंबईचा मटका ज्यांना आठवतो त्यांना सोडत म्हणजे काय ते सांगायला नको. उत्तम दर्जाचा साथीदार एका खेपेला मिळण्याची शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारांत सहा. दहा वेळा हात घातला तरी शंभरांतले सुमारे ९४ जण रिकाम्या हाताने परत येतील. नव्वदाव्या खेपेपर्यंत मात्र एक उत्तम साथीदार नक्की मिळतो, अर्थात हवा तोच मिळेल असे नाही. एका खेपेला १६० रत्ने लागतात. रोजची चार ठरलेली कामे केली की ६० रत्ने पदरात पडतात. तेव्हा विद्यार्थ्यांनो, गणित करा: ९० गुणिले १६० म्हणजे १४,४००, त्याला ६० ने भागले तर २४० दिवस. रत्ने मिळवण्याचे आणखी मार्ग आहेत, पण केवळ रोजच्या कामांवर धीर धरणाऱ्याला आठ महिने. ज्याला आठ महिने धीर नाही त्याने खरे पैसे देऊन रत्ने विकत घ्यावीत, अशी ही रचना आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच बाबतीत, मुलांना खरी किंमत व शक्यता कळू देत नाहीत अशा आरोपांवरून, कंपनीविरुद्ध कारवाई केली. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, परंतु २ कोटी डॉलर भरून तडजोड केली, आणि सोळा वर्षांखालील मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय अशी सोडत विकायची नाही ही अट स्वीकारली. आमच्या घरचा नियम कोर्टकचेरीपेक्षा सोपा आहे: या खेळात एक पैसाही घालायचा नाही. जुगारातून पैसा काढून घेतला की उरतो तो धीराचा धडा, आणि तो वाईट नाही.

पण पैसा वगळला तरी मोबदला उरतोच, आणि खरी गोम तिथेच आहे. त्या जगात एखाद्या म्हातारीचे हरवलेले सामान शोधून दिले की लगेच पडद्यावर नाणी पडतात. मुलाला घरी पोचवले, नाणी. डोंगरावर कोणाला गरम जेवण नेऊन दिले, नाणी. शापित माणसांचा तळ जाळला, तरी नाणी, आणि तीही तितक्याच खळखळाटाने. चांगल्या-वाईटाचा फरक नाण्यांच्या आवाजात बुडतो. पिर्के अबोथमध्ये सोखोच्या अँटिगोनसच्या नावावर जी शिकवण आहे तिचा विषय नेमका हाच: वेतनाकडे डोळा लावून केलेली सेवा आणि तशी नजर न ठेवता केलेली सेवा. खऱ्या जगात म्हातारीची पिशवी उचलून दिली तर ती कधी हसते, कधी पिशवी नीट धरली नाही म्हणून बोलते. नाणी पडत नाहीत. जो मुलगा सहा वर्षे नाणी पडणाऱ्या जगात वाढला, त्याला न पडणाऱ्या जगात पिशवी उचलावीशी वाटेल काय? तलवारीने मन बोथट होते की नाही याची चर्चा जगभर चालू आहे. बक्षिसाने मन बोथट होते याची चर्चा कमी होते, कारण शाळाही तेच करते. गुणपत्रिका आम्हीही तीस वर्षे वाटल्या.

यावर उपाय काय? खेळ टाकून देणे हा एक उपाय आहे, पण मग गुणपत्रिका, बढत्या आणि पदकेही टाकावी लागतील. आम्हाला दुसरा मार्ग बरा वाटतो: मोबदल्याला नाही म्हणता येते हे स्वतःला अधूनमधून दाखवून देणे. शब्बाथ याच कामी येतो. शुक्रवारी दिवे लागले की टॅब्लेट कपाटात जातो. खेळातला दिवस इथल्या वेळेप्रमाणे पहाटे चारला बदलतो. तेव्हा हिशेबी मनुष्य शनिवारी रात्री हवदाला होताच कपाट उघडून चारच्या आत आपली चार कामे उरकू शकतो, आणि त्याचे एकही रत्न बुडत नाही. पण मग त्याने खेळ सोडला असे म्हणता येईल काय? त्याचे अर्धे मन घड्याळात होते. म्हणून शनिवारचा अख्खा दिवस आम्ही सोडून देतो. पुन्हा गणित करा: आठवड्यातले सहाच दिवस धरले तर २४० कामाच्या दिवसांना २८० दिवस लागतात. साथीदार चाळीस दिवस उशिरा येतो. येऊ दे. ते चाळीस दिवस म्हणजे आपण खेळाचे धनी आहोत की चाकर याची भरलेली पावती आहे. गंमत अशी की खेळात शक्तीसाठी 'राळ' नावाचा एक साठा असतो. दर आठ मिनिटांनी त्याचा एक थेंब भरतो. पूर्वी तो १६० वर थांबे, २०२४ पासून २०० वर थांबतो. दोनशे भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात, आणि शब्बाथ साधारण २५ तासांचा. म्हणजे आपण विश्रांती घेतो तेवढा वेळ भांडेही भरत असते. आमचा नातू म्हणाला, "आजोबा, राळसुद्धा शब्बाथ पाळते!" त्याच्या या तर्कात खोट काढायला आम्हाला जमले नाही.

चारही आरोप ऐकले. पहिला टिकला नाही. दुसरा अर्धा टिकला. तिसरा निवृत्तांना लागू पडतो, पण त्याचा उपाय आपल्या हाती आहे. चौथा पुरता टिकला आणि रोजच्या रोज फेडावा लागतो. आता ज्या गोष्टीसाठी एवढी दगदग करायची, तिच्याकडे येऊ.

सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये मुलांसाठी एक स्वतंत्र बाग आहे. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि तिला नाव आहे जेकब बॅलस यांचे. बॅलस हे इराकात जन्मलेले, इथे वाढलेले आपले धर्मबांधव. शेअर बाजाराचे अध्यक्ष होते. त्यांच्या मालमत्तेतून या बागेला मोठी देणगी मिळाली. त्या बागेचा एक नियम आहे. बरोबर मूल नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे हे उघड आहे. पण त्याचा दुसरा अर्थ आम्हाला अधिक भावतो: काही जागा अशा असतात की तिथे मोठ्या माणसाने मुलाचे बोट धरूनच जायचे असते.

आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे मराठी समजतात पण बोलत नाहीत. आपण त्यांना नौगावची गोष्ट सांगू लागलो, शनिवार तेल्यांची गोष्ट सांगू लागलो, की ती दोन मिनिटे ऐकतात आणि मग डोळे पडद्याकडे वळतात. त्यावर रागावता येते. किंवा पडद्याकडे आपणही वळता येते. खेळताना बोलावेच लागते, आणि आम्ही मराठीतच बोलतो, म्हणून तोही बोलतो. 'डावीकडे बघ', 'अजून भिजला नाही', 'पळ, मागे सर', 'आजोबा, बर्फ टाका!' अशी छोटी, घाईची, खरीखुरी वाक्ये. भाषा टिकते ती अशा घाईच्या वाक्यांत. निबंधात ती नुसती जपून ठेवलेली असते. शिवाय तिथे गुरू तो आहे आणि विद्यार्थी आम्ही. जन्मभर फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला बाकावर बसून, चुकून, पुन्हा समजावून घेण्यात केवढे सुख आहे, हे शिक्षकी पेशातल्या वाचकांनीच ताडावे. म्हातारपणी माणसे आपल्याला मान देतात, खुर्ची देतात, पण नवे काही शिकवीत नाहीत. तो आमच्यावर ओरडतो, "अहो आजोबा, चुकीचं बटण!" हा मानाचाच एक प्रकार आहे, कारण आम्ही अजून सुधारू शकतो असे तो धरून चालतो.

आणि ती शापित माणसे? त्यांचा प्रश्न आम्ही नाण्यांत बुडू दिला नाही. खेनरिआची कथा झाल्यावर नातवाला विचारले, "ती माणसे होती हे ठाऊक असून त्यांना मारायचे काय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, जी अंगावर येतात तेवढ्यांनाच मारू, शेकोटीभोवती बसलेल्यांना सोडून देऊ. खेळात असा नियम नाही, आणि सोडून दिल्याबद्दल एक नाणेही मिळत नाही. तरी आता आमची टोळी त्या शेकोट्यांना वळसा घालून जाते. खेळाने न सांगितलेला आणि मोबदला नसलेला एक नियम अकरा वर्षांच्या मुलाने स्वतः केला आणि तो पाळतो. पिशवी उचलण्याचे शिक्षण याहून वेगळे काय असते?

तेव्हा आमचे उत्तर असे. साठीनंतर लुटुपुटीची लढाई खेळण्यात आनंद वाटला तर त्याची लाज नको. हाक ऐकू येत असावी, कोणाचे काम राहू नये, पैसा घालू नये, आठवड्यातून एक दिवस कपाट बंद राहावे, आणि जमेल तेव्हा शेजारी एक मूल असावे. इतके सांभाळले तर तो आनंद भल्या माणसाचाच आहे. ज्या वाचकांचे मत याहून निराळे असेल त्यांनी ते अवश्य लिहून कळवावे. मात्र लिहिण्यापूर्वी घरच्या नातवाशेजारी एक तास बसून यावे, एवढी विनंती.